रक्त पडलं तरच टीबी?

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांतही हा समज पक्का आहे: खोकल्यातून रक्त आलं तरच टीबी. साफ चूक. अनेकांना रक्त पडतच नाही. २ आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम, घटतं वजन, यांतलं एकही पुरेसं; तपासून घ्या. मेडिकलवाल्याने दिलेलं लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर मुळीच नको, त्याने टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. बेडका सहसा दोनदा द्यायचा: एक तिथेच, दुसरा सकाळी उठल्याबरोबर. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या, मोकळ्या हवेत छातीतून खोकून २ ते ५ मिली काढा. नुसती लाळ दिली तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.