कासवांचा कुलवृत्तांत, फक्त बायकांचा

दिवाळीच्या आधी दांडिया बाजारच्या जुन्या घरात माळा आवरत होतो तर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सापडला, वाळवीनं कडा खाल्लेला. साताऱ्याकडून बडोद्याला आलेले पुरुष सगळे ओळीनं, नावगावासकट, आणि बायकांपुढे नुसतं "माहेर" असं लिहून निम्म्या जागी कोरी रेघ. त्या दिवसांत मी समुद्री कासवांच्या जेनेटिक्सबद्दल वाचत होते, म्हणून हसूच आलं, कारण कासवांचा कुलवृत्तांत काढला तर तो बरोब्बर उलटा निघतो, आई, तिची आई, तिची आई, आणि बापाचा पत्ताच नाही.

हे होतं मायटोकॉन्ड्रियामुळे. पेशीत एनर्जी तयार करणारा हा भाग, त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो पिल्लाला आईकडूनच मिळतो. त्यात कासवीण अंडी घालायला आपण जिथे जन्मलो त्याच भागात परत येते, म्हणजे आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात ना तसंच, फक्त इथे आई वाट बघत नसते आणि मधे हजारो किलोमीटर पाणी. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की एकेका किनाऱ्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए थोडाथोडा वेगळा पडत जातो.

अटलांटिकच्या मधोमध असेन्शन नावाचं इवलंसं बेट आहे, तिथे अंडी घालणारी हिरवी कासवं चरायला असतात ब्राझीलच्या किनाऱ्यावर, एका बाजूनं दोन हजार किलोमीटरहून जास्त. इतक्या लांब का जातात? १९७४ मध्ये आर्ची कार आणि कोलमन या संशोधकांनी भन्नाट कल्पना मांडली, की अटलांटिक अरुंद होता तेव्हा बेटं किनाऱ्याजवळच होती, समुद्राचा तळ पसरत गेला तसं माहेर लांब लांब सरकलं आणि या मात्र जात राहिल्या. मला ही फारच आवडली होती, पण १९८९ मध्ये बोवेन, मेलन आणि अवाइज यांनी डीएनए तपासला तर असेन्शनची कासवं बाकीच्यांपासून वेगळी निघाली खरी, पण तो फरक इतका किरकोळ की कोट्यवधी वर्षांची गोष्ट तिथेच बाद. माहेरी परतणं मात्र खरं ठरलं.

मग बाप कुठे गेला? तो सापडतो पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमध्ये, जो आईबाप दोघांकडून येतो. तो तपासला की किनाऱ्याकिनाऱ्यांतला फरक बऱ्याचदा पुसट होतो, कारण वेगवेगळ्या माहेरच्या माद्या आणि नर वाटेत, चरण्याच्या जागी भेटतात. पण तेवढ्यावरून "ही सगळी एकच पॉप्युलेशन" म्हणून मोकळं होणं धोक्याचं, एका किनाऱ्यावरच्या माद्या संपल्या तर शेजारच्या लगेच येऊन ती जागा भरत नाहीत.

आपल्या किनाऱ्यांवर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी माहेराच्या बाबतीत जरा सैल आहेत. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिडलेंचा अभ्यास २००४ मध्ये आला, कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांचा. ओडिशात एका वेळी हजारोंनी वर येणाऱ्या आणि इतरत्र एकएकट्या येणाऱ्या कासवांत त्यांना वेगळेपण सापडलंच नाही. शिवाय आपल्याकडच्या रिडलेंत जुन्या वंशाच्या खुणा निघाल्या, म्हणजे अटलांटिक-पॅसिफिकमधल्या रिडले बहुधा हिंद महासागरातूनच पसरल्या असाव्यात. स्थलांतरित बडोदेकर म्हणून मला याचा उगाचच अभिमान वाटतो.

आणि आता ०३२३३. फ्लिपरवर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, या नंबरचा धातूचा टॅग लावलेली रिडले, २०२१ मध्ये ओडिशात झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियानं टॅग केलेली. जानेवारी २०२५ मध्ये ही बाई रात्री गुहागरच्या वाळूत अंडी घालताना दिसली! तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या रिडले वेगळ्या असंच धरून चालले होते. पण विचार करा, सगळ्याच माद्या माहेराला इतक्या चिकटून राहिल्या असत्या तर नवीन किनारे वसलेच नसते, कुणीतरी कधीतरी भलत्याच वाळूत अंडी घालायलाच लागतात. तिच्या त्या घरट्यातल्या पोरी जगल्या-वाढल्या तर त्यांचं माहेर गुहागर, आणि मायटोकॉन्ड्रियात लिहिलेली आई मात्र ओडिशात अंडी घालून आलेली.