सॅकमध्ये नेण्यासाठी हलका टूथब्रश: घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या दुकानात सॅक, टेंट, बूट घ्यायला येणारे ट्रेकर हल्ली काउंटरवर टूथब्रशबद्दलही विचारतात. कुणी हिमालयात आठ-दहा दिवसांसाठी निघालेलं असतं, कुणी अंतूर किल्ला करून गौताळ्याच्या जंगलातून चालणार असतं, कुणी पैठणहून दिंडीबरोबर पंढरपूरला. "दादा, सगळ्यात हलका कोणता?" हा पहिला प्रश्न. आमचं उत्तर दरवेळी जरा लांबतं, म्हणून हे पत्रक छापलं.

आधी वजनाचं बोलू. घरचा साधा प्लॅस्टिकचा ब्रश साधारण १५ ते २० ग्रॅमचा असतो. लहान मुलांचा ब्रश १० ग्रॅमच्या आसपास. मूठ अर्धी कापली तर पाच-सात ग्रॅम वाचतात, म्हणजे दहा रुपयांच्या एका नाण्याएवढंही नाही. तरी ज्याला सॅकमधली प्रत्येक वस्तू तोलायची आहे त्याने जरूर तोलावी. ती सवय चांगलीच, कारण असे ग्रॅम साठतच किलो होतो. पण ब्रशच्या निमित्ताने दुसऱ्या दोन गोष्टी तोलायच्या राहून जातात: पेस्ट आणि पाणी.

दीडशे ग्रॅमची ट्यूब जशीच्या तशी सॅकमध्ये टाकणारे खूप जण भेटतात. मोठ्या माणसाला एका वेळी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे अंदाजे पाव ग्रॅम. दोन वेळचे दिवसाला अर्धा ग्रॅम, दहा दिवसांचे पाच. दहा-वीस रुपयांची सगळ्यात छोटी ट्यूब दोघांत घेतली तरी उरते. पाण्याचं तर आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना तांब्याचा हिशोब पाठ आहे. एक लिटर पाणी म्हणजे पाठीवर एक किलो. बाटली तोंडाला लावून चुळा भरल्या की पाव लिटर कुठे गेलं ते कळतही नाही. त्यापेक्षा बाटलीच्या झाकणात पाणी घ्या, ब्रश ओला करा, दोन मिनिटं घासा, फेस थुंकून टाका आणि एकच छोटी चूळ भरा. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ टिकलं तर दातांना फायदाच आहे. ब्रश धुवायलाही दोन घोट पाणी पुरतं.

मग ब्रश कोणता? आमचं स्पष्ट मत असं की मऊ तंतूंचा आणि लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. वजन त्यानंतर बघावं. कडक तंतूंनी जोर लावून घासलं की हिरड्या सोलतात, आणि डोंगरात तिसऱ्या दिवशी हिरडी दुखायला लागली तर सोबतची शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा खाता येत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांचा साध्या मुठीचा ब्रश आम्ही मोठ्यांना निःसंकोच देतो. तो मऊ असतो, डोकं लहान असल्यामुळे अक्कलदाढेपर्यंत पोहोचतो, वजन कमी आणि किंमतही कमी. फक्त जाड रबरी मुठीचा, कार्टूनवाला घेऊ नका. तो मोठ्यांच्या ब्रशपेक्षाही जड भरू शकतो.

घडीचा ब्रश बऱ्याच जणांना आवडतो, कारण तंतू मुठीत झाकले जातात आणि सॅकच्या कप्प्यात छान बसतो. आम्हीही तो विकतो. पण घेताना बिजागरी हलवून बघा. उघडल्यावर ती ढिली राहिली तर घासताना ब्रश मिटतो. शिवाय त्या सांध्यात पेस्टचा गाळ साचतो, तो रोज धुवावा लागतो. मुठीला हवेची भोकं नसतील तर परत ठेवा. ओला ब्रश बंद जागेत दिवसभर राहिला की त्यात जंतू वाढतात आणि संध्याकाळी कुबट वास येतो. साध्या ब्रशच्या टोपणालाही हाच नियम. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं तर सगळ्यात वाईट. ब्रश झटकावा, डोक्याला स्वच्छ सुती रुमालाची सैल घडी बांधावी आणि सॅकच्या बाहेरच्या जाळीत उभा खोचावा. चालता चालता वाळतो.

बांबूच्या ब्रशबद्दल आपल्या हवेतला आणि सह्याद्रीतला फरक लक्षात घ्या. इथे जानेवारीत तो तासाभरात खडखडीत वाळतो. तोच ब्रश आम्ही एका श्रावणात हरिश्चंद्रगडावर नेला होता. दोन रात्री गुहेत काढल्या, ब्रश सुकलाच नाही, आणि घरी येईपर्यंत तंतूंच्या मुळाशी काळी बुरशी धरली होती. पावसाळी ट्रेकला बांबू नको. आणखी एक, माळकरी मंडळींनी हे आवर्जून बघावं: काही ब्रशवर 'नैसर्गिक तंतू' असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक डुकराचे केस असतात. १९३८ साली नायलॉनचे तंतू आले, त्याआधी ब्रश असल्याच केसांचे असायचे. ते पाणी धरून ठेवतात, लवकर वाळत नाहीत. नायलॉनच घ्या.

बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश सगळ्यात हलका खरा, पण तो बाळांसाठी आहे. दातांच्या फटींत तो जात नाही, आणि मळलेलं बोट तोंडात जातं. एका रात्रीचा मुक्काम असेल तर चालेल. बॅटरीचा ब्रश घरी ठेवा.

मूठ कापायचीच असेल तर इतकी कापू नका की दाढा घासताना बोटं तोंडात जातील. चार बोटं मावतील एवढी ठेवा, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. दुकानात करवत आहे, आम्ही फुकट कापून देतो.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी: थंडीत तंतू कडक होतात. घासण्याआधी कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवले की मऊ पडतात. पेस्टची ट्यूब रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, नाहीतर सकाळी ती दाबली जात नाही.

वारीच्या मंडळींना आमचं मनापासून एक सांगणं आहे. ब्रश न्यायचा कंटाळा म्हणून मिसरी लावू नका. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिने तोंडाचा कॅन्सर होतो. वाटेत कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी मिळाली तर तिचं टोक चावून मऊ करा आणि हलक्या हाताने घासा. ब्रश हरवला तर तिच्यावर निभतं. ज्यांची कवळी आहे त्यांनी तिच्यासाठी वेगळा ब्रश आणि झाकणाची डबी घ्यावी. कवळीवर पेस्ट घासू नका, ओरखडे पडतात, साध्या साबणाचं पाणी बरं. रात्री कवळी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवली तर ती पायाखाली जाते, म्हणून डबीच.

गडावरच्या टाक्यात ब्रश बुडवू नका आणि काठावर थुंकूही नका. तेच पाणी मागून येणारे पितात. टाक्यापासून साठ-सत्तर पावलं लांब जाऊन फेस पसरवून थुंका. आणि चूळ भरायला, ब्रश धुवायला पिण्याचंच पाणी वापरा. गाळून-उकळून पाणी पिणारी माणसंही ब्रश मात्र ओढ्यात धुतात, आणि जुलाब किंवा कावीळ होते तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तंतू बाहेरच्या बाजूला वाकले की ब्रश बदला, नाहीतर तीन-चार महिन्यांनी बदलाच. काउंटरवर छोटा डिजिटल काटा ठेवला आहे. येताना घरचा ब्रश आणि पेस्टची ट्यूब सोबत आणा, दोन्ही तोलून बघू. जुना ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा निघाला तर नवीन घ्यायची गरजच नाही.