रोझा बोनूर आणि तो 'पहिल्या बाई'चा गोंधळ

प्राणी आणि निसर्गचित्रं काढणारी फ्रेंच चित्रकार रोझा बोनूर (१८२२-१८९९), हिच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय की लीजन ऑफ ऑनर (फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान) मिळवणारी ही पहिली बाई. तर नाही हो! तो मान अँजेलिक ब्रुलाँ नावाच्या सैनिक बाईंना १८५१ मध्येच मिळालेला. रोझा पहिली महिला *कलाकार*, आणि तेवढा एक शब्द गळाला की झाला घोळ.

तिला तो मिळाला जून १८६५ मध्ये. सम्राट नेपोलियन तिसरा अल्जेरियात, फ्रान्सचा कारभार त्याच्या बायकोकडे, सम्राज्ञी युजेनीकडे, मग ती स्वतःच फाँतेनब्लोजवळच्या बी गावी रोझाच्या घरी येऊन थडकली आणि रोझाला सन्मानाचा क्रॉस लावून गेली. पुढे १८९४ मध्ये रोझा त्याच सन्मानाची ऑफिसर झाली, आणि त्या दर्जाची मात्र खरंच पहिली बाई.

बाकी तेव्हा बायकांना पँट घालायला पोलिसांचं परमिट लागायचं ही गोष्ट थाप वाटते ना? ती शंभर टक्के खरी आहे, दर सहा महिन्यांनी रिन्यू! पॅरिसच्या घोडेबाजारात रोझा दीड वर्षं, आठवड्यातून दोनदा, पुरुषी कपड्यांत स्केचेस करायला जायची, त्यातूनच पाच मीटर रुंद 'हॉर्स फेअर' हे चित्र आलं, जे आता न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे.