माळ्यावरचा टीव्ही गेम जगणार की नाही, हे कुठे ठरलं?

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांच्या घरी माळ्यावर एखादा टीव्ही गेम अजून निघतो. कव्हर पिवळं पडलेलं, एका रिमोटची वायर मुळाशी तुटलेली, कॅसेटवर '९९९९९९ इन १' अशी बिनदिक्कत थाप मारणारा स्टिकर. चाळिशीला टेकलेली ही मंडळी आता तो खाली काढतात, स्क्रू खोलतात, मल्टिमीटर लावतात. कुणाचा तासाभरात सुरू होतो, कुणाचा काही केल्या होत नाही. हाताचं कसब लागतंच. पण बऱ्याचदा निकाल तीस वर्षांपूर्वी तैवानकडच्या कारखान्यातच लागलेला असतो, आणि तो कसा लागला हे कळायला आधी एका चिपची गोष्ट सांगावी लागते.

ती चिप म्हणजे ६५०२. अमेरिकेतल्या एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत चक पेडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती बनवली आणि १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला काढली. त्या काळी अशा प्रोसेसरला शेकडो डॉलर पडत. अ‍ॅपल टू तिच्यावर चालला, अटारी २६०० मध्ये तिचीच छोटी आवृत्ती होती, बीबीसी मायक्रोमध्येही तीच. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो गेले. म्हणजे ज्या मुलांना शाळेत संगणक लांबूनच बघायला मिळाला, त्यांच्या धाकट्या भावंडांनी पुढे त्याच घराण्याची चिप कॉटवर लोळत, बटणं बडवत वापरली.

कारण जपानच्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला तो रिको कंपनीने बनवलेल्या ६५०२च्याच एका रूपावर. त्यातून दशमान गणिताची सोय काढून टाकली होती आणि आवाजाचं सर्किट त्याच चिपमध्ये घातलं होतं. चित्रासाठी वेगळी चिप, कामाची मेमरी फक्त २ केबी. आज मोबाइलवरचा एक फोटो याच्या हजारपट जागा खातो.

फॅमिकॉममध्ये कुलूप नव्हतं. दोन वर्षांनी हेच यंत्र एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) म्हणून अमेरिकेत गेलं, तेव्हा तिथला व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ मध्ये कोसळून गेलेला होता आणि वाटेल त्याने कॅसेट काढू नये म्हणून निन्टेन्डोने आत एक तपासनीस चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार सापडली नाही तर यंत्र पुन्हा पुन्हा रिसेट होई. जपानी फॅमिकॉममध्ये असलं काही नव्हतं. साठ पिनांची कॅसेट खोचली की गेम सुरू. तैवानच्या कारखान्यांना नेमकं हेच सोयीचं पडलं. यूएमसी या तिथल्या चिप कंपनीने रिकोच्या दोन्ही चिपांच्या नकला तयार केल्या आणि त्या वापरून जगभर नकली फॅमिकॉम निघाले. रशियात तो 'डेंडी' झाला. आपल्याकडे 'मीडिया', 'लिट्ल मास्टर' अशी नावं दुकानांत दिसू लागली. आपण त्याला नुसतं टीव्ही गेम म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. डब्यावरचं नाव काहीही असो, आत बहुतेक त्याच एका कुळातला बोर्ड.

या नकलेत एक करामत होती, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपला पाल पद्धतीचा ५० वेळा. निन्टेन्डोने युरोपसाठी पाल यंत्र काढलं तेव्हा प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झवरून १.६६वर आणला. त्यामुळे सूर उतरले आणि जपानी गेममधली चिपच्या ठोक्यांवर मोजलेली कामं चुकू लागली. तैवानी अभियंत्यांनी पाल देशांसाठी चिप केली तेव्हा वेग १.७७ ठेवला आणि पाल चित्रातल्या जास्तीच्या पन्नासेक ओळी अशा जागी रिकाम्या सोडल्या, की गेमला त्यांचा पत्ताच लागू नये. प्रत्येक ओळीला मिळणारे ठोके जपानी यंत्राइतकेच राहिले. जपानी कॅसेट आपल्या टीव्हीवर न अडखळता चालली ती यामुळे. अस्सल युरोपी यंत्रालाही जे नीट जमलं नाही ते नकलेने साधलं. चोरीचा माल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

फक्त सेकंदाला ५० चित्रांचं गणित सुटत नव्हतं. बहुतेक गेम एका चित्राला एक पाऊल पुढे सरकतात, त्यामुळे आपला मारिओ जपानी मारिओपेक्षा हळू पळायचा आणि गाणंही संथ वाजायचं. तेव्हाची मुलं आज मोबाइलवर तोच गेम लावतात आणि म्हणतात, 'हा फार जोरात पळतोय.' त्यांचा कान बरोबर आहे. म्हणून इकडे यंत्र पुन्हा उभं करताना अस्सल कशाला म्हणायचं, हा प्रश्न जपानी किंवा अमेरिकी हौशी माणसाला पडतो त्याहून वेगळा पडतो.

दुरुस्तीची बाजू टीव्ही मेकॅनिकांनी सांभाळली. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, १९८४ नंतर दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं गावोगाव वाढली आणि आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या पोरांनी तालुक्याच्या ठिकाणी दुकानं टाकली. टीव्ही गेम त्यांच्याकडे आपसूक आला, कारण तो टीव्हीच्या अँटेनालाच जोडलेला असे. माल सांगलीत मिळाला तर ठीक, नाहीतर पुण्याला तपकीर गल्ली. बिघाडही ठरलेले. अडॅप्टरकडून आलेल्या नऊ-दहा व्होल्टचे पाच करणारी ७८०५ ही तीन पायांची आयसी जळलेली, कंडेन्सर सुकलेले, पॉवरच्या सॉकेटला ड्राय सोल्डर. ७८०५ उरलेले व्होल्ट उष्णता करून फेकते, म्हणून तिला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवी. स्वस्त बोर्डांत ती पट्टी बोटाएवढी. त्यात लोडशेडिंगनंतर लाइट येताना बसणारा झटका, आणि घरातला दुसराच कुठलातरी अडॅप्टर खुपसायची सवय. फॅमिकॉम कुळात पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह असतो, बऱ्याच इतर अडॅप्टरांत पॉझिटिव्ह. उलटा सप्लाय अडवणारा डायोड पैसे वाचवायला गाळलेला असला की खेळ तिथेच संपला.

तरीही हे सगळं दहा-वीस रुपयांच्या मालात नीट होई. मोठ्या चिपा चाळीस पायांच्या, सुट्या, काही वेळा सॉकेटवर. एक मेलेला बोर्ड फोडून दुसरा जगवता येई.

मग काळा ठिपका आला. नव्वदच्या दशकात प्रोसेसर, चित्राची चिप, मेमरी, सगळं एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवलं गेलं. तो तुकडा थेट बोर्डावर चिकटवून वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकला की काम झालं. खर्च आणखी घसरला, टीव्ही गेम यात्रेतल्या खेळण्यांच्या पालात जाऊन बसला. पण त्या थेंबाखाली काही बिघडलं तर उपाय नाही. त्याला पाय नाहीत, नंबर नाही, बदली चिप नाही. माझ्या मते इथल्या टीव्ही गेमच्या इतिहासात खरी फाळणी इथे आहे, ब्रँडमध्ये किंवा सालात नाही. कव्हर उघडल्यावर आधी तेवढंच बघावं. दोन लांब आयसी दिसल्या तर आशा आहे. ठिपका दिसला तर फक्त सप्लाय, बटणं आणि वायरी तपासाव्यात, बाकीच्याला हात लावून उपयोग नाही.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या मशिनांची कथा जरा वेगळी, पण तिचा सूर तोच. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांनी जॅमा ही ५६ जोडण्यांची पट्टी ठरवली आणि कुठल्याही लाकडी कपाटात कुठलाही बोर्ड बसू लागला. त्यामुळेच गल्लीतला पार्लरवाला महिन्या-दोन महिन्यांनी गेम बदलू शकला. आपल्याकडे ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणतात तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मूळ बोर्डावर आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा प्रोग्राम सांकेतिक केलेला आहे आणि त्याची किल्ली एका बॅटरीच्या जिवावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांत तर मुख्य प्रोग्रामच असा बांधलेला, बॅटरी मेली की पडद्यावर नुसता एक रंग. हौशी लोक याला आत्मघाती बॅटरी म्हणतात. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्याच्या साथीदारांनी हे बोर्ड उलगडून आर्डुइनो या साध्या, छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाने किल्ली परत लिहायची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे मेलेले बोर्ड मूळ रूपात उठले.

'मुस्तफा'चे नकली बोर्डही निघाले होते. त्यांत ती किल्ली काढून टाकलेली, आवाज साध्या चिपवर. खणखणाट मूळच्याइतका नाही, पण बॅटरीच नाही म्हटल्यावर मरायचं कारणही नाही.

सांगलीपुरता एक अध्याय पाण्याचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती रोड, हरभट रोडच्या दुकानांत पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा आलं. पुरात बुडालेला बोर्ड पाण्याने मरत नाही. तो मरतो गाळ तसाच वाळल्याने आणि घाईने प्लग लावल्याने. गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग दोन-तीन दिवस सावलीत. आयसीच्या पायांखाली हिरवी बुरशी दिसते ती खरं तर तांब्याचा गंज, तिथे राळ लावून ताजं सोल्डर द्यावं लागतं. कॅसेटच्या पट्टीला खोडरबर पुरतो. तोंडाने फुंकर मारायची आपली सगळ्यांची सवय मात्र उलटीच होती. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा खोचल्यामुळे, फुंकरेतली वाफ उलट पट्टीला गंज चढवत होती.

आता साधनं बदलली आहेत. पार्लरमधल्या मशिनांचे रॉम, म्हणजे चिपमध्ये साठवलेले गेमचे प्रोग्राम, जपण्यासाठी १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरियाने 'मेम' हा प्रोग्राम सुरू केला. २०१७ पासून 'मिस्टर' नावाच्या खुल्या प्रकल्पात एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर जुन्या यंत्राचं सर्किटच नव्याने मांडता येतं. त्यातल्या एनईएसच्या मांडणीत जपानी आणि युरोपी वेगाबरोबर 'डेंडी' असाही पर्याय आहे. आपल्या लहानपणाचा वेग हवा असेल तर तो निवडायचा. काही जण सरळ ठिपकेवाला बोर्ड काढून जुन्या कव्हरात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवतात. मला ते दुरुस्ती वाटत नाही, पण वादही घालावासा वाटत नाही. मिरजेत सतारीची तार बदलली तर सतार तीच राहते, भोपळा आणि दांडी दोन्ही बदलली तर ती नवी सतार, एवढंच. बंदुकीच्या गेमला मात्र यातलं काही चालत नाही. ती बंदूक जुन्या ट्यूबच्या टीव्हीवरचा प्रकाश ज्या क्षणी उमटतो तो क्षण पकडते, आणि एलसीडी तो क्षण चुकवतो. भंगारात चाललेला ट्यूबचा टीव्ही म्हणूनच आधी थांबवावा.

कॅसेटचंही काम पडलेलं आहे. '९९९९९९ इन १'मध्ये खरे गेम मूठभर, बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू केलेले. पण कुठला गेम मेमरीच्या कुठल्या कप्प्यात आणि मेनूवरून तिथे उडी कशी मारायची, याचं सर्किट प्रत्येक कारखान्याचं आपापलं. अशा मांडण्यांना 'मॅपर' म्हणतात आणि कॅसेटमधला गेम संगणकावर साठवायच्या एनईएस २.० या फाइलपद्धतीत त्यांच्यासाठी चार हजारांवर क्रमांकांची सोय केलेली आहे, त्यातले कितीतरी अशाच बेनामी कॅसेटांनी भरले. म्हणून माळ्यावरची कॅसेट हाती लागली तर पुसण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, कोपऱ्यात छापलेला नंबर लिहून घ्यावा आणि रॉम वाचून ठेवावा. स्टिकर भिजून निघत असला तरी तो टाकून देऊ नये, कारण दुकानात ती कॅसेट कुठल्या नावाने विकली गेली हे फक्त त्याच्यावरच असतं.