चहा, गोळी आणि कपाळ: डोकेदुखीच्या औषधामागची जुनी गोष्ट

मे महिन्यात दुपारी दोन वाजता चोपडा नाहीतर अमळनेरच्या स्टँडवर उतरलं की डोकं दुखणारच, ४४-४५ डिग्रीत दुसरं काय होणार. मग टपरीवर एक चहा सांगायचा आणि बाजूच्या किराणावाल्याला नुसता कपाळाला हात लावून दाखवायचा. "भाऊ, मन्हं डोकं दुखी राह्यनं" एवढंही बोलावं लागत नाही, तो कात्रीने पट्टीतली एक गोळी कापून हातावर ठेवतो. त्या कापलेल्या तुकड्यावर नावाचं अर्धं अक्षर येतं, एक्सपायरी डेट राहते पट्टीच्या कोपऱ्यात, म्हणजे शेवटची गोळी ज्याच्या नशिबात त्यालाच तारीख कळणार!

तर ही चहा आणि गोळीची जोडी आली कुठून, याच्या मागे लागलो आणि बरंच काही सापडलं.

आमच्या आजीकडे गोळी नव्हती. सहाणेवर सुंठ उगाळायची, कोमट करून कपाळावर लेप, वर रुमाल करकचून बांधायचा आणि अंधाऱ्या खोलीत गप पडायचं. लेपाने कपाळ चुरचुरायचं पण अर्धा आराम त्या अंधारानेच पडत असणार असं मला आता वाटतं. डोकेदुखीचे प्रकार तर आपल्याकडे फार आधीपासून मोजलेले आहेत, सुश्रुतसंहितेत डोक्याचे ११ रोग दिलेत, त्यात अर्धशिशीला अर्धावभेदक म्हटलंय आणि एक सूर्यावर्त आहे, ऊन चढेल तसं दुखणं चढतं आणि ऊन उतरलं की उतरतं. हे वाचून मला तर वाटलं की कोणीतरी जळगावात बसूनच लिहिलंय.

गोळीची गोष्ट मात्र इंग्लंडमधल्या एका पाद्र्यापासून सांगतात. एडवर्ड स्टोन नाव, त्याने विलो झाडाची साल चावून बघितली, कडू लागली, तापावर चालणाऱ्या सिंकोनासारखी. मग भट्टीजवळ सुकवून तिची पूड केली, थंडीतापाच्या पन्नासेक लोकांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला (तिथली शास्त्रज्ञांची संस्था) पत्र लिहून कळवलं. त्याचं लॉजिक असं की ताप दलदलीच्या जागी येतो आणि विलो पण दलदलीतच वाढते, म्हणजे रोग तिथंच औषध. लॉजिक चुकीचं, औषध बरोबर. आपल्याकडे नदीनाल्याच्या काठी वाळुंज असते ती याच विलोच्या खानदानातली. पुढे त्या सालीतलं सॅलिसिन वेगळं काढलं, त्यावरून सॅलिसिलिक अ‍ॅसिड आलं पण ते पोटाला फार जाळायचं, म्हणून १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्याचं थोडं सौम्य रूप शुद्ध बनवलं आणि १८९९ मध्ये ते अ‍ॅस्पिरिन नावाने बाजारात आलं. ते नेमकं काम कसं करतं हे कळायला मात्र १९७१ उजाडलं. जॉन व्हेन यांनी दाखवलं की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा जो पदार्थ दुखणं आणि सूज वाढवतो तो बनणंच ही गोळी अडवते, १९८२ मध्ये त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे सत्तर वर्षं लोक कारण माहीत नसताना खात होते आणि बरे होत होते.

दुसरी लाईन तर चक्क औषधाच्या दुकानातल्या चुकीतून निघाली. १८८६, स्ट्रासबर्ग, कान आणि हेप असे दोन तरुण डॉक्टर जंतावर म्हणून पेशंटला नॅफ्थलीन देत होते (हो, डांबरगोळीतलंच), दुकानातून आलं भलतंच, अ‍ॅसिटॅनिलाइड. जंत काही गेले नाहीत पण ताप उतरला. ते विषारी निघालं म्हणून त्याचा भाऊबंद फेनासेटिन १८८७ मध्ये आला आणि तो मात्र जगभर चालला.

आता इथं आपली जोडी जमते. फेनासेटिनच्या पुडीत बऱ्याचदा कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीत असतं तेच, घालायचे. कॅफिनने वेदनाशामकाचा असर थोडा वाढतो हे खरं, पण तरतरी पण येते ना. स्वीडनमध्ये हुस्कवार्ना गावात बंदुकांचा कारखाना होता, १९१८ च्या फ्लूच्या साथीत तिथल्या डॉक्टरने अशी एक पूड बनवून कामगारांना दिली. साथ गेली, पूड राहिली. लोक कामाला जोर यावा म्हणून रोज घ्यायला लागले आणि एकमेकांना भेट म्हणून पुड्या द्यायला लागले, आपण लग्नात टॉवेल-टोपी देतो तसं. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या कारखान्यांत पण हेच, बारीक काम करून डोकं दुखायचं, मग पूड, मग परत काम. १९५३ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी अशा लोकांच्या किडन्या खराब होतायत हे मांडलं. वर्षानुवर्षं रोज घेतलेल्या डोकेदुखीच्या औषधाने किडनी जाते ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट समोर आली. भारतात फेनासेटिनवर बंदी आली १९८३ मध्ये.

त्याची जागा घेतली पॅरासिटामॉलने, आणि ते काही नवीन नव्हतं, १८७८ मध्येच बनवलेलं होतं. १८९३ मध्ये पेशंटवर वापरून पण बघितलं, पण ते घातक आहे असा (बहुतेक भेसळीमुळे) गैरसमज झाला आणि जवळजवळ पन्नास वर्षं ते कपाटात पडून राहिलं. १९४८ मध्ये ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांना कळलं की अ‍ॅसिटॅनिलाइड पोटात गेल्यावर शरीर त्याचं पॅरासिटामॉलच करतं आणि खरा आराम त्यानेच पडतो. पन्नास वर्षं वाया. आयबुप्रोफेन हे आणखी एक दुखण्यावरचं औषध शोधणारे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स तर त्याहून भारी, मॉस्कोला भाषण होतं, आदल्या रात्री जास्त झाली, सकाळी डोकं फुटायची वेळ, आपलंच औषध ६०० मिलिग्रॅम घेतलं आणि भाषण ठोकून आले.

आपल्याकडे हे सगळं रेडिओ, टीव्ही आणि भिंतीवरच्या जाहिरातीतून घरात आलं. त्याआधी बाम होताच, अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईतच सुरू झालं. सॅरिडॉनमध्ये आधी फेनासेटिन असायचं, नंतर फॉर्म्युला बदलला, आता त्यात पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन. २०१८ मध्ये सरकारने ३२८ मिक्स औषधं (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) बंद केली तेव्हा सॅरिडॉनचं नाव पण यादीत होतं, मग सुप्रीम कोर्टातून सुटका झाली. आणि किराणा दुकानातली गोळी सगळीच बेकायदेशीर असते असं पण नाही बरं का, हजारपर्यंत लोकवस्तीच्या गावात साधी अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल आणि बाम विना लायसन्स विकायची सूट औषधांच्या नियमातच आहे. सातपुड्यातल्या पाड्यावर ते बरोबरच आहे, तिथून मेडिकल किती लांब. पण स्टँडवरचा किराणावाला काही त्या सुटीत बसत नाही.

आता खरी गोम. बाजरीवर अरगट नावाचा बुरशीचा रोग पडतो तो शेतकऱ्याला माहीत आहे, बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं काढतात. त्याच जातीची बुरशी युरोपात राय धान्यावर पडते, तिच्यातून १९१८ मध्ये अर्गोटामिन काढलं आणि ते अर्धशिशीवर चालायला लागलं. मग १९५१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलं की जे हे जास्त घेतात त्यांचं डोकं औषधामुळेच दुखतंय, बंद केलं की थांबतं. हेच पुढे साध्या गोळ्यांबद्दल पण दिसलं. आजचा हिशोब असा, ज्याला आधीच डोकेदुखी आहे त्याने साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिक्स गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर घेतली तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते.

आमचे एक काका केळीच्या लोडिंगवर असतात. सकाळी गाडी लागायच्या आधी चहा आणि मिक्स गोळी, दुपारी परत तेच, कित्येक वर्षं. धुळ्याच्या डॉक्टरने सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या, महिन्याच्या मोजल्या आणि म्हणाले की बंद. पहिले आठ दिवस घरात कोणी भांडं आपटलं तरी काका ओरडायचे, काकूंना वाटलं डॉक्टरच चुकला. दहाव्या दिवशी सकाळी उठून त्यांनी स्वतःच चहा ठेवला, खिसा चाचपला सवयीने, आणि मग नुसताच चहा पिऊन गाडीवर गेले.