आतून होणारी तपासणी: कॉप्स ते लायनिस

सांगली-मिरजेतल्या पतसंस्था, अडत पेढ्या, कॉलेजं यांचे लिनक्स सर्व्हर एकदा बसवले की वर्षानुवर्षं चालतात. बसवून देणारा निघून जातो आणि मागे कोणतं खातं, कोणती सेवा उघडी राहिली याची नोंद सापडत नाही. अशा यंत्रावर आज लायनिस चालवतात, म्हणजे यंत्राच्या आतूनच सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारा खुला प्रोग्रॅम. पण त्यामागचा विचार १९८८ पासूनचा आहे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म, म्हणजे इंटरनेटवरून एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सुटला. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतला बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती घुसवणं) हा त्याचा एक रस्ता. बाकीचे रस्ते वेगळ्या जातीचे होते: ईमेल पोहोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये चालू राहिलेली डीबगची (चाचणीची) सोय, अंदाजाने सापडणारे पासवर्ड, एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारी यंत्रं. म्हणजे बराचसा दोष मांडणीत, सेटिंगमध्ये होता. मांडणीतला दोष शोधायला प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते, आणि हे काम माणसाकडून नेमाने होत नाही.

पर्ड्यू विद्यापीठात डॅन फार्मर आणि जीन स्पॅफर्ड यांनी हे काम शेल स्क्रिप्टवर, म्हणजे आज्ञांची यादी असलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींवर सोपवलं. त्यातून कॉप्स तयार झालं. फाइलींच्या परवानग्या, एसयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणारे) प्रोग्रॅम, कमजोर पासवर्ड, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या पण कुणालाही बदलता येणाऱ्या फाइली हे सगळं ते पाहायचं. त्यातला ‘कुआंग’ हा भाग सर्वात हुशार. रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) मिळवायचं असेल तर आधी काय हातात हवं, असं तो उलट्या दिशेने शोधत जायचा. कॉप्स दोष सांगायचं, दुरुस्त करायचं नाही. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

१९९२ मध्ये फाइलींचे बदल पकडणारं ट्रिपवायर आलं. १९९५ मध्ये फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी नेटवर्कवरून, बाहेरून तपासणारं सेटन काढलं. त्याच वाटेने १९९८ मध्ये नेसस हे बाहेरून तपासणारं साधन आलं. २००५ मध्ये त्याचा कोड बंद झाला आणि जुन्या खुल्या कोडमधून ओपनव्हास उभं राहिलं.

आतून पाहण्याची वाट मायकेल बूलेन यांनी पुढे नेली. २००३ मध्ये लपलेले घातक प्रोग्रॅम शोधणारं रूटकिट हंटर, २००७ मध्ये लायनिस. लायनिसचा परवाना जीपीएल आवृत्ती ३, म्हणजे कोड सर्वांना खुला. लायनिस मुळात शेल स्क्रिप्टच आहे. त्यामुळे कंपाइल करावं (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करावं) लागत नाही, लिनक्ससारख्याच बीएसडी किंवा मॅकओएसवरही चालतं, आणि कोणती चाचणी काय करते ते उघडून वाचता येतं.

‘लायनिस ऑडिट सिस्टम’ ही आज्ञा रूट म्हणून द्यावी, नाहीतर बऱ्याच चाचण्या वगळल्या जातात. सविस्तर नोंद लॉग फाइलमध्ये असते, निष्कर्ष रिपोर्ट फाइलमध्ये. शेवटी दिसणारा हार्डनिंग इंडेक्स, म्हणजे यंत्र किती मजबूत आहे त्याचा आकडा, १०० पैकी असतो. त्याच्या मागे लागू नये. दोन यंत्रांवर वेगवेगळ्या चाचण्या चालल्या असतील तर त्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

खरी गडबड लायनिसच्या सूचना जशाच्या तशा अमलात आणल्याने होते. आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्याचा नेटवर्क संदेश पुढे पाठवणं) शून्य केलं की डॉकरच्या वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमचं किंवा व्हीपीएनवरून येणाऱ्यांचं नेटवर्क तुटतं. कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे लिनक्सच्या गाभ्याला जोडले जाणारे भाग) भरणं बंद केलं तर रीबूटशिवाय ते पुन्हा सुरू होत नाही. ड्रायव्हर आधीच भरलेला नसेल तर बॅकअपची यूएसबी डिस्क जोडूनही दिसत नाही. एसएसएचचा (दूरवरून लॉगिन करण्याच्या सेवेचा) पोर्ट बदलायचा तर फायरवॉल आणि एसईलिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा यंत्रणा) दोन्हीकडे तो आधी उघडावा, कॉन्फिगरेशन तपासून घ्यावं आणि चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहावं. जी सूचना लागू नाही ती कस्टम प्रोफाइलमध्ये (आपल्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) चाचणीचा क्रमांक देऊन वगळावी. डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये हात घालू नये, नवी आवृत्ती आली की तो बदल पुसला जातो.

२०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगात घाईघाईने बॅकअप परत चढवला जातो. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर साध्या फाइली म्हणून ठेवलेला असेल तर मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत, आणि पासवर्डचे हॅश असलेली शॅडो फाइलसुद्धा सर्वांना वाचता येईल अशी परत येऊ शकते. म्हणून बॅकअप टार करून (परवानग्यांसकट एकाच फाइलमध्ये बांधून) ठेवावा, आणि यंत्र पुन्हा उभं केल्यावर नवा रिपोर्ट आधीच्या रिपोर्टशी ओळीला ओळ लावून पाहावा. त्यासाठी जुना रिपोर्ट यंत्राबाहेर जपलेला हवा, कारण लायनिस प्रत्येक वेळी तीच रिपोर्ट फाइल नव्याने लिहितं.