डिसॅबिलिटी पेन्शनचं भांडण आणि बेळगाव ते कोची

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, ह्या पट्ट्यात भावकीत एखादा तरी फौजी निघतोच, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं भरतीपासून पेन्शनपर्यंतच्या गप्पा आमच्याकडं टपरीवर पण ऐकू येतात. त्यातला सगळ्यात किचकट विषय डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीत अपंगत्व आलेल्या फौजीला मिळणारं पेन्शन. अपील केलं, रिजेक्ट झालं, फौजेच्या केसेस चालवणाऱ्या ट्रिब्युनलात जिंकला, मग सरकारच वरच्या कोर्टात गेलं... हे असं का चालतं ते कळायला जरा मागं जायला लागतं.

इंग्रजांच्या काळात पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी. १८७१ च्या पेन्शन कायद्यानं दिवाणी कोर्टात पेन्शनचा दावा लावायची वाटच बंद करून ठेवलेली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. जायबंदी होऊन आलेल्या हिंदी सैनिकांना काहीतरी हुन्नर शिकवायला १९१७ ला मुंबईत क्वीन मेरीच्या नावानं एक शाळा निघाली, ती आता खडकीला आहे. चांगलीच सोय होती, पण सोयच. पेन्शन ही मेहेरबानी नाही, माणसाचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९७१ ला देवकीनंदन प्रसाद केसमध्ये सांगितलं आणि १९८२ च्या डिसेंबरात नकारा केसमध्ये परत पक्कं केलं.

फौजेचा नियम १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशन्समधला. दोन अटी: अपंगत्व २० टक्के किंवा जास्त पाहिजे, आणि ते नोकरीमुळं झालेलं किंवा नोकरीमुळं वाढलेलं पाहिजे. सगळी मारामारी दुसऱ्या अटीवर. गोळी लागली तर प्रश्नच नाही, पण बीपी, शुगर, फिट, डोक्याचा आजार ह्यांचं काय? त्यासाठी १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स आले आणि ते खरं तर जवानाच्या बाजूचे आहेत. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नाही म्हणजे माणूस ठणठणीत होता असं धरायचं, नंतर आजार झाला तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, पुरावा द्यायची जबाबदारी जवानावर नाही, शंका असेल तर फायदा त्याला.

आता एवढं स्पष्ट लिहिलंय म्हटल्यावर भांडण कशाला? तर मेडिकल बोर्ड एका ओळीत "नोकरीशी संबंध नाही" लिहून मोकळं व्हायचं, कारण द्यायचं नाही. आणि कधी बोर्डानं जवानाच्या बाजूनं लिहिलं तरी अलाहाबादच्या पेन्शन ऑफिसातनं, माणसाला न बघता, फक्त फाइल बघून ते फिरवलं जायचं! हे दुसरं सुप्रीम कोर्टानं १९९३ ला मोहिंदर सिंग केसमध्ये चुकीचं ठरवलं. पहिलं मात्र अजून वीस वर्षं चालू राहिलं.

ते मोडलं २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालानं. सिग्नल्सचा शिपाई, १९८५ ला भरती, १९९४ ला फिटच्या आजारामुळं बोर्ड आऊट (म्हणजे मेडिकल बोर्डानं नोकरीतनं काढलं), अपंगत्व २० टक्के, आणि शेरा काय तर आजार उपजत आहे. कोर्टानं विचारलं की उपजत होता तर भरतीच्या वेळी नोंद का नाही, आणि बोर्डानं कारणं का दिली नाहीत? म्हणजे १९८२ पासून नियमात होतं तेच वाचून दाखवलं, पण ते वाचून घ्यायला त्या माणसाची १९ वर्षं गेली. आज कुठलाही वकील अर्जात पहिल्यांदा हाच निकाल लावतो.

२०१४ च्या डिसेंबरात राम अवतार केस आली. अपंगत्व २० ते ४९ टक्के असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००, हे राउंडिंग आधी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना मिळत होतं, ते पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही लागू झालं. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशेब, म्हणजे २० वाल्याला ६ च्या जागी १५ टक्के, हा फरक बारका नाही.

अपिलाची वाट अशी की आधी खात्यातच पहिलं अपील, मग दुसरं, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. कायदा २००७ चा, कामकाज ऑगस्ट २००९ पासून. आणि इथं आमच्या सीमाभागाची गंमत बघा. महाराष्ट्राच्या केसेस मुंबई बेंचला, कर्नाटकच्या कोची बेंचला. चंदगडचा माजी सैनिक रात्री गाडीत बसला की सकाळी मुंबईत, वकील मराठीत बोलणारा. त्याच पलटणीतला त्याचा जोडीदार खानापूरचा, रेकॉर्ड ऑफिस दोघांचं बेळगावातच, पण ह्याला जायचं केरळात, आणि इकडनं जाणारी पूर्णा एक्सप्रेस रोज नसते. दर तारखेला स्वतः जायला लागत नाही हे खरं, पण लांबचा वकील, परकी भाषा म्हटलं की बरेच जण खात्यातल्या नकारावरच गप्प बसत असणार असं मला वाटतं. उशीर केला तर अजून एक फटका आहे, २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते.

ट्रिब्युनलात जिंकलं तरी सरकार वर जायचं. २०१५ ला मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं होतं की निकाली लागलेल्या मुद्द्यांवर अशी अपिलं करू नका. ऐकलं कुणी? २०२३ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं ट्रिब्युनलच्या निकालावर हायकोर्टात जाता येतं असं सांगितलं, त्याचा उपयोग जवानाला आहे तसा सरकारलाही झाला.

त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे एन्टायटलमेंट रूल्स आलेत आणि त्यात बीपी-शुगरसारख्या आजारांचे निकष कडक झालेत, माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला. म्हणजे आधी रिटायर झालेला मोठा भाऊ जुन्या नियमात आणि नंतर आलेला धाकटा २०२३ च्या नियमात. आणि बेळगावच्या सेंटरमधनं आता बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना तर पेन्शनच नाही, अपंगत्व आलं तर एकरकमी रक्कम, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, पण अपंगत्व नोकरीमुळंच आलं का हा जुना प्रश्न त्यांच्याही फॉर्मवर आहेच.